पहिला पाऊस, आंबोलीचा सडा आणि नकाशावरची एक रेघ

आपल्यापैकी बहुतेकांची आंबोली ठरलेली असते. बेळगावहून सकाळी निघायचं, शिनोळी, पाटणे फाटा करत सत्तरेक किलोमीटर जायचं, धबधब्याच्या पायऱ्यांवर भिजायचं, कणीस आणि गरम भजी खायची, कावळेसादला दरीतून उलटं वर उडणारं पाणी बघायचं आणि अंधाराच्या आत घरी परतायचं. गोव्याची मंडळी सावंतवाडीकडून घाट चढून येतात, एवढाच फरक. यात वाईट काहीच नाही, मीही लहानपणापासून हेच करत आलोय. पण अलीकडच्या काही वर्षांत ट्रेक करणाऱ्या तरुण मंडळींची एक दुसरी आंबोली तयार झाली आहे. ती डांबरी रस्त्यापासून आत, सड्यावर आहे. आणि त्या सड्यावर आपल्या आधीपासून कुणीतरी राहतं.

त्याचं नाव आंबोली टोड. शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगरिना. झँथो म्हणजे पिवळा, फ्राइन म्हणजे टोड, आणि टायगरिना हे कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे. आकार अंगठ्याच्या पेराहून जरा मोठा, एवढाच. या प्राण्याची शास्त्रीय नोंद झाली ती थेट २००९ साली, डॉ. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली. नोंद करताना त्यांना या टोडसाठी अख्खी नवी प्रजात, म्हणजे जीनस, तयार करावी लागली. या जीनसमध्ये जगभरात मिळून दोनच जाती आहेत. एक आपली आंबोलीची आणि दुसरी कोयनेची, जिचं वर्णन सोमण यांनी १९६३ सालीच केलं होतं. दोन्ही सह्याद्रीत, दोन्ही महाराष्ट्रात. आंबोली टोडचं जग म्हणजे आंबोली आणि तिच्या आसपासचा लहानसा टापू. आंतरराष्ट्रीय आययूसीएनच्या लाल यादीत तो 'अतिधोक्यात' या वर्गात आहे. या वर्गाच्या पुढची पायरी म्हणजे रानातून नाहीसा होणं.

आता सडा म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. ज्या जांभ्या दगडाचे चिरे काढून आपण घरं बांधतो, त्याच दगडाचं उघडं, सपाट पठार म्हणजे सडा. उन्हाळ्यात तो काळा पडतो, तव्यासारखा तापतो, आणि वरून बघणाऱ्याला तिथे काहीच नाही असं वाटतं. सातबाऱ्यावरही अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा अशीच असते. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत हेच दाखवून दिलं, की हा 'खराबा' म्हणजे एक स्वतंत्र जग आहे. खळग्यांत साठलेली बोटभर माती, त्यात पावसाळ्यात उगवणाऱ्या कीटकभक्षी वनस्पती, सुट्या दगडांखालचा ओलावा, आणि दगडातल्या उथळ खोलगट जागांमध्ये साचणारी डबकी. काही डबकी परातीएवढी, काही वाटीएवढी.

आंबोली टोडची वीण याच डबक्यांत होते. मेअखेर-जूनमध्ये पहिल्या जोरदार सरी पडल्या, की दगडांखाली आणि भेगांत वर्षभर दडून बसलेले टोड एकदम बाहेर पडतात. नर डबक्यांपाशी बसून साद घालतात, माद्या येतात, आणि थोडक्या दिवसांत अंडी घालून प्रकरण आटोपतं. शास्त्रज्ञ याला स्फोटक प्रजनन म्हणतात. शब्द जरा सिनेमातला वाटतो, पण अर्थ बरोबर आहे : वर्षभराची गुंतवणूक एका आठवड्यात. डबकं इतकं उथळ असतं की पाऊस लांबला तर ते आटतं आणि आतली पिल्लं जातात. टोडने हा जुगार स्वीकारलाय, कारण अशा डबक्यात मासे नसतात, मोठे शिकारी टिकत नाहीत. निसर्गाचा धोका त्याने हिशेबात धरलेला आहे. ट्रेकिंगचा बूट हिशेबात नव्हता.

आणि पहिल्या पावसाची वाट फक्त टोडच बघत नाही. आपणही बघतो. उन्हाळा उकडून काढतो, सुट्ट्या संपत आलेल्या असतात, पहिली सर पडली की त्याच शनिवार-रविवारी गाड्या घाटाकडे वळतात. म्हणजे त्या प्राण्याचे वर्षातले सर्वांत महत्त्वाचे दिवस आणि आपल्या सहलीचे दिवस हे जवळजवळ एकच. रस्त्यावर गाड्यांखाली येऊन मरणारे टोड हा आंबोलीतला जुना विषय आहे, पावसाळी रात्री घाटात गाडी हळू चालवा असं स्थानिक निसर्गप्रेमी किती वर्षं सांगत आहेत. सड्यावर पायाखाली जे जातं, ते मात्र दिसतही नाही. अंडी पारदर्शक गोळ्यांसारखी, पाणी दोन बोटं. पाय पडला, पाणी गढूळ झालं, पुढे गेलो. पायाखाली एक संपूर्ण वीण गेली हे कळायला मार्गच नाही.

पायवाटेने नुकसान कसं होतं, हे मला वाटायचं त्यापेक्षा वेगळं निघालं. माझा इंजिनिअरी अंदाज असा, की शंभर माणसं एका वाटेने गेली तर शंभरपट झीज, म्हणून लोकांना पांगवावं. प्रत्यक्षात पर्यटनाच्या परिणामांचा अभ्यास करणारे अनेक वर्षं उलटं सांगत आले आहेत. नुकसानाचा मोठा भाग पहिल्या थोड्या पावलांतच होतो. कोवळं गवत, शेवाळ, मातीचा पातळ थर हे सुरुवातीलाच जातं, त्यानंतर हजारावा माणूस गेला तरी त्यात फार भर पडत नाही. म्हणजे नव्या जागेवरून गेलेले वीसजण हे मळलेल्या वाटेवरून गेलेल्या पाचशेजणांपेक्षा जास्त महाग पडतात. चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने चालणं हाही त्यातलाच प्रकार. वाट रुंद होते, कडेची माती दबते, आणि दबलेल्या मातीवरून पाणी मुरण्याऐवजी वाहतं. बूट चिखलात घालून मधूनच चालावं. बूट घेतलाय तो त्यासाठीच.

सड्यावर आणखी एक अडचण आहे. जंगलात वाट दिसते, खडकावर दिसत नाही. त्यामुळे तिथे पोचलेला गट आपोआप पसरतो. जो तो आपापल्या डबक्याशेजारून फोटोसाठी चांगली जागा शोधत जातो. मग कुणीतरी दगडावर दगड रचून खूण करतं, कुणी चुलीसाठी तीन दगड उचलतं, कुणी 'खाली विंचू आहे का बघू' म्हणून उलथतं आणि तसाच टाकून देतं. सड्यावरचा सुटा दगड हे कुणाचं तरी छप्पर असतं. अमेरिकेत ॲपलाचियन पर्वतातल्या ओढ्यांमध्ये हेलबेंडर नावाचा मोठा सॅलॅमँडर दगडांखाली राहतो, तिथे पर्यटकांनी ओढ्यातले दगड रचून मनोरे करू नयेत म्हणून उद्यानवाल्यांना वारंवार विनवावं लागतं. माणसाला दगडावर दगड ठेवायची ही हौस का असते, देव जाणे.

दगडाखालचा आणखी एक रहिवासी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही : देवगांडूळ. दिसायला जाड गांडूळ, पण हा पाठीचा कणा असलेला, दात असलेला उभयचर, म्हणजे बेडकाचा बिनपायांचा चुलत भाऊ. त्याची गेगेनिओफिस डॅनिएली ही जात २००३ साली आंबोलीतूनच जगासमोर आली, बीएनएचएसच्या जे. सी. डॅनिएल यांच्या नावाने. गोव्याला जाताना आपण ज्या चोर्ला घाटात चहाला थांबतो, त्या परिसरातून २००७ साली म्हादई नदीच्या नावाची एक जात नोंदवली गेली. आंबोलीच्या जांभ्यात राहणाऱ्या एका बेडकाला पुण्याच्या संशोधकांनी २०१४ साली 'चिरावासी' असं मराठी वळणाचं नाव दिलं. या सगळ्या नोंदी आपल्या शाळा-कॉलेजच्या वर्षांतल्या आहेत. आम्ही बीईच्या परीक्षेची तयारी करत असताना तासा-दीड तासाच्या अंतरावर जगाला माहीत नसलेले प्राणी सापडत होते, आणि आम्हाला पत्ता नव्हता. देवगांडूळ तर आजही साप समजून ठेचलं जातं.

आता नकाशावरच्या रेघेकडे येतो. तीन वर्षांपूर्वी आंबोलीतल्या एका ओळखीच्या गाइडदादांनी मला फोन केला. त्यांच्या गावाजवळच्या सड्यावर, जिथे पूर्वी गुराखी सोडून कुणी जात नसे, तिथे जूनमध्ये अचानक गटच्या गट यायला लागले होते. सगळे फोन बघत बघत, एकाच सरळ रेषेत. 'तुम्ही कॉम्प्युटरवाले, बघा जरा हे कुठून येतंय,' असं त्यांचं म्हणणं. जागेचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण वाचकांनी समजून घ्यावं.

शोधायला फार वेळ लागला नाही. ट्रेकिंगच्या एका ॲपवर कुणीतरी त्या सड्यावरून चालल्याचा ट्रॅक टाकला होता. शेरा : सोपा, कुटुंबासह जाण्यासारखा. ज्याने टाकला त्याचा दोष म्हणावा तर तोही नाही. ट्रॅकची तारीख डिसेंबरची होती. डिसेंबरात सडा कोरडा ठणठणीत, डबकं नाही, टोड नाही, त्यामुळे तो माणूस रस्त्यापासून कड्यापर्यंत नाकासमोर चालत गेला. ती रेघ डिसेंबरात निरुपद्रवी होती. पण जीपीएसच्या फाइलमध्ये ऋतू नसतो. तीच रेघ जूनमध्ये नेमकी विणीच्या डबक्यांच्या रांगेवरून जाते, आणि तिच्यामागे येणाऱ्यांना वाटतं की ही इथली रीतसर वाट आहे.

मी ॲपवाल्यांना लिहिलं. 'आपला संदेश मिळाला' असं आपोआप येणारं उत्तर मिळालं, पुढे काही नाही. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांच्या नकाशावर कुणीतरी तीच वाट आखली होती, पण तिथला संकेत असा की प्रत्यक्षात असलेली पायवाट पुसून टाकायची नाही. ती अनौपचारिक आहे एवढं नोंदवता येतं, ते नोंदवलं. मग लक्षात आलं, की पुसण्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आमच्या धंद्यात लोकांना जुनं बटण वापरू नका म्हणून कितीही सांगितलं तरी ते वापरतात. शेजारी अधिक सोयीचं बटण दिलं, तर जुनं आपोआप विसरतात. त्या ॲपवर अलीकडे जास्त लोक चालले तो ट्रॅक वर दिसतो. म्हणजे आपल्याला दुसरी वाट हवी होती, आणि ती चांगली हवी होती.

गाइडदादांशी बोलायला गेलो तेव्हा माझ्या डोक्यात एक सोपा उपाय होता : जूनभर सडा बंद. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'बंद म्हणायला सोपं आहे हो. पावसाचे चार महिनेच आमचा हंगाम. जून गेला तर माझ्या पोराची फी तुम्ही भरणार काय?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर कुणाकडेच नसतं. बाहेरून येणारे आपण निसर्ग वाचवायच्या गोष्टी करून संध्याकाळी घरी जातो. शिवाय बंद तरी कोण करणार? आंबोली-चौकुळ-गेळे भागात कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे, जमीन कुणाची यावरच वाद, तिथे फाटक कोण लावणार आणि कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार?

तोडगा अखेर त्यांच्याच वडिलांनी काढला. सड्याच्या कडेने, झाडीच्या सावलीतून एक जुनी बैलगाडीची वाट जाते. रस्ता झाल्यापासून तिचा वापर थांबलेला, पण जमीन आधीच दबलेली. वीस मिनिटं जास्त लागतात, चढ थोडा, मधे एक ओढा, आणि शेवटी त्याच कड्यावर पोचते. वाटेवर दोन ठिकाणी सड्याचा काठ लागतो. तिथे शांत उभं राहिलं तर जूनमध्ये संध्याकाळी टोडची साद ऐकू येते, सड्यावर पाय न ठेवता. आम्ही दोन रविवार ती वाट चालून ट्रॅक केला, फोटो काढले, कुठे घसरतं, कुठे जळवा आहेत, कुठे पाणी मिळतं, सगळं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं आणि टाकून दिलं. दादांनी आपल्या गटांना तिथूनच न्यायला सुरुवात केली. त्यांच्या ओळखीच्या इतर गाइडांपैकी काहींनी तीच वाट धरली. एकाने साफ नकार दिला, त्याचे ग्राहक 'सड्यावरचा सूर्यास्त' पाहायलाच येतात. त्याच्याशी भांडण नाही, बोलणं चालू आहे.

दोन पावसाळे गेल्यावर आज नवा ट्रॅक यादीत वर आहे, जुना खाली. जुना गेलेला नाही.

अशा गोष्टी इतरत्र कशा करतात ते सांगायचं तर माझ्या मावसबहिणीचं उदाहरण देतो. ती कॅलिफोर्नियात बर्कलीला राहते. तिथल्या टिल्डन पार्कमधला एक रस्ता दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च गाड्यांना बंद असतो, का, तर न्यूट नावाचे सॅलॅमँडर विणीसाठी रस्ता ओलांडून पाण्याकडे जातात. लोक कुरकुरत नाहीत, त्या काळात तिथे सायकली फिरवतात. आपल्याकडे कास पठारावर रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून आधी नोंदणी करण्याची पद्धत आली, तेव्हा पुष्कळ ओरड झाली होती. आता सगळे निमूट नोंदणी करतात. आंबोलीतही जवळचा एक दाखला आहे. हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यात सापडलेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा २०२० साली नवी जात म्हणून जाहीर झाला, आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. दोन हेक्टरांच्या आसपास क्षेत्र, म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेच्या आवाराएवढं. पण टोडचा प्रश्न मंदिराच्या कुंडासारखा एका जागी नाही. त्याची डबकी सड्यावर विखुरलेली, म्हणून त्याला कुंपणापेक्षा चालणाऱ्याची शिस्त जास्त उपयोगी.

बुटांबद्दल मात्र एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण ती फारशी कुणाला माहीत नसते. कायट्रिड नावाची एक बुरशी उभयचरांच्या त्वचेला लागते. बेडूक त्वचेतूनच पाणी आणि क्षार घेतो, त्यामुळे त्वचा बिघडली की सगळंच बिघडतं. २०१९ साली सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार या रोगामुळे जगभरात उभयचरांच्या ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० जाती नाहीशा झाल्या असाव्यात. भारतातल्या बेडकांमध्येही ही बुरशी आढळली आहे. ती ओल्या चिखलातून, पाण्यातून पसरते, आणि आपल्या बुटांच्या खाचांमधला चिखल हे तिला फुकटचं वाहन. आपली ट्रेकर मंडळी शनिवारी चोर्ल्याला आणि रविवारी आंबोलीला जातात, तेही त्याच ओल्या बुटांनी. उपाय अवघड नाही. ही बुरशी कोरडेपणाला टिकत नाही. ब्रशने चिखल काढायचा, बूट धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. पावसाळ्यात बूट वाळत नाहीत हे मान्य, म्हणून लागोपाठ दोन ठिकाणी जाणाऱ्यांनी दुसरा जोड न्यावा.

हात लावू नये, हे तर सांगायलाच नको. आपल्या हाताला डास पळवायचं मलम असतं आणि बेडकाच्या त्वचेत ते थेट जातं. रात्री टॉर्च तोंडावर रोखून धरायचा नाही. मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा आंबोलीचा हिरवागार नायक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो. ट्रेकसाठी वाट 'साफ' करताना अशा फांद्या तोडल्या जातात, त्या तोडू नयेत. आणि फोटो जरूर काढावेत, पण टाकताना ठिकाण काढून टाकावं. आयनॅचरलिस्टसारख्या निरीक्षण नोंदवायच्या ॲपवर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर केली जाते, वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी, एवढंच दिसतं. इन्स्टाग्रामवर तसं काही नाही, तिथे आपणच सांभाळायचं.

या वर्षी मंडळाच्या पावसाळी सहलीची चर्चा निघाली तेव्हा दोन मतं पडली. पहिल्याच पावसात जायला हवं, नाहीतर मजा काय, असं तरुणांचं. माझी आई म्हणाली, जुलैत धबधबा जास्त मोठा असतो, जूनमध्ये नुसती गर्दी. तिचा मुद्दा टोडचा नव्हता, पण चालून गेला. सहल जुलैच्या शेवटच्या रविवारी आहे. धबधबा, हिरण्यकेशी, कावळेसाद, आणि ज्यांना चालायचं आहे त्यांच्यासाठी गाइडदादांसोबत बैलगाडीची वाट. चालणाऱ्यांचे पंधरा-पंधराचे गट होतील, लहान मुलं चालतील, भजी परतल्यावर. बूट घरून घासून आणावेत. आणि तुमच्या फोनमध्ये तो जुना सड्यावरचा ट्रॅक उतरवलेला असेल तर काढून टाका, नवा मी पाठवतो.